गोव्याचं नौदल विमान संग्रहालय नीट कसं पाहावं

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. 1998 साली ते उघडलं. रेल्वेनं येणाऱ्यांनी वास्कोला उतरून बोगमाळोची बस किंवा रिक्षा धरावी. मडगावला उतरलात तर आधी वास्को गाठा. सोमवारी बंद असतं, आणि नेमके सोमवारीच दाराशी येऊन परत जाणारे कमी नाहीत. निघण्याआधी वेळ फोनवर विचारून घ्या. सोबत टोपी आणि पाणी हवंच.

मोठी विमानं उघड्यावर उभी आहेत. म्हणून सकाळी उघडताच आधी बाहेरचं आवार, ऊन चढलं की आतली दालनं, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर ऐन दुपारी तापलेल्या पत्र्यांमध्ये फिराल आणि फोटोत पंखांखाली नुसता काळा अंधार येईल.

प्रत्येक विमानासमोर सेल्फी काढून वीस मिनिटांत बाहेर पडण्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन फिरा: हे विमान जहाजावर कसं उतरायचं?

‘सी हॉक’पासून सुरुवात करा. शेपटीखाली हुक शोधा. डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकला की विमान थोडक्या अंतरात थांबे. मग पंखांवरचे सांधे पाहा. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडायचे. याचं इंजिन एकच, पण धूर सोडणारी तोंडं दोन, पंखांच्या मुळाशी दोन बाजूंना. ती पाहायला मागून नव्हे, तिरकं उभं राहावं लागतं. पुढे ‘अलिझे’वर हुक आणि सांधे पुन्हा ओळखा. पाणबुड्या शोधणारं हे विमान आणि ‘सी हॉक’, दोन्ही 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडाली.

आता ‘सी हॅरियर’कडे या. हुक नाही, कारण ते सरळ खाली उतरायचं. पोटाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फिरती नळकांडी आहेत: पुढच्या दोनांतून थंड हवा, मागच्या दोनांतून गरम झोत. मुख्य चाकं पोटाखाली एका रांगेत, म्हणून तोल सांभाळायला पंखांच्या टोकांशी बारकी चाकं. पंख दुमडत नाहीत, नाक मात्र बाजूला वळतं. बहुतेक जण हे न पाहताच पुढे जातात.

‘सुपर कॉन्स्टेलेशन’ जहाजावरचं नाहीच. एअर इंडियातून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेलं हे विमान किनाऱ्यावरून उडून समुद्रावर नजर ठेवायचं. पुढच्या चाकाचा दांडा एवढा उंच का, ते पंख्यांची पाती पाहिलीत की कळतं: जमिनीला लागू नयेत म्हणून. तीन शेपट्यांमुळे उंची कमी राहिली आणि ते हँगरात, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, मावलं. पंखांचा पसारा सुमारे 37 मीटर, त्यामुळे अख्खं विमान चौकटीत घ्यायला बरंच मागे सरका.

आत इंजिनं, शस्त्रास्त्रं आणि जहाजांच्या प्रतिकृती आहेत. ‘विक्रांत’च्या प्रतिकृतीवरचा डेक बघा, बाहेरच्या हुकाचा हिशेब तिथे जुळतो.

फोटो फक्त आवारातले काढा. शेजारी नौदलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा वळवला तर हटकतात. विमानांवर चढू नका, पाती फिरवू नका. खारी हवा आधीच पत्रा खाते. त्यात लोंबकळणाऱ्यांनी दारं नि झडपा वाकतात आणि जुने सुटे भाग सहजी मिळत नाहीत.