पाइप भरताना हात सैल ठेवावा
मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपुढे गेला की उघड्या पुडीतली तंबाखू पाहता पाहता कुरकुरीत होते आणि तिचा धूर जीभ भाजतो, म्हणून नवशिक्याने ती घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवावी. पाइप तीन थरांत भरावा: पहिला नुसता सोडावा, दुसरा हलकेच दाबावा, तिसरा जरा घट्ट, न पेटवता ओढून पाहिल्यास नळीने उसाचा रस पिताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते, ती दाबून पुन्हा पेटवावी. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. झुरके सावकाश घ्यावेत आणि पाइप पूर्ण थंड झाल्यावरच दांडी वेगळी करावी.