मुलाचं नाव चांगदेव ठेवताना

‘चांगभलं’मधला ‘चांग’ म्हणजे चांगला. चांगदेव म्हणजे भला देव. उच्चार ‘चमचा’तल्या च-चा, ‘चहा’तल्या नव्हे. हे घरात आधीच पक्कं करा, नाहीतर शाळेत नाव बिघडतं.

खान्देशात हे नाव घरचंच. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा इ. स. 1207चा शिलालेख आहे. इतकं असूनही आता बारशाला हे नाव क्वचितच ऐकू येतं. खरं तर यायला हवं.

जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांच्या आत घाला. नंतर विलंब शुल्क लागतं. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. दाखल्यावर ‘Changdev’ अन् आधारवर ‘Changdeo’ झालं, तर दुरुस्तीचे हेलपाटे ठरलेले.