सीटीत दिसलेला प्रत्येक काळा डाग गुठळी नसतो: रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा

सीटी पल्मनरी अँजिओग्राफीत (फुप्फुसाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) शिरेतून दिलेल्या डायने भरलेली धमनी पांढरी दिसते आणि गुठळी त्यात काळसर. पण काळसर दिसलं की गुठळीच, असं धरून चालू नका. तुमच्या एका ओळीवर रुग्णाला किमान 3 महिने रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं.

सगळ्यात जास्त घोळ श्वासाचा. मुंबईत टेबलवरचा माणूस मालवणचा असो की लातूरचा, सूचना मिळते हिंदीत: ‘लंबी सांस लो, रोको.’ आधीच धाप लागलेला माणूस जोर लावून छाती भरतो. त्या ओढीने पोटाकडचं बिनडायचं रक्त उजव्या हृदयात येतं आणि फुप्फुसाच्या धमनीत डायची धार मध्येच तुटते. वरची महाशीर आणि महाधमनी उजळ, मधली फुप्फुसाची धमनी मात्र फिकी दिसली, तर संशय इथेच घ्यावा. स्कॅनआधी एकदा सराव करून घ्या: ‘हलका श्वास घ्या आणि धरून ठेवा.’ श्वास हललाय का, हे लंग विंडोत (फुप्फुस नीट दिसेल अशा सेटिंगमध्ये) लगेच कळतं. रक्तवाहिन्यांच्या कडा दुहेरी दिसतात.

फुप्फुसाच्या उजव्या वरच्या भागात डाग असेल तर शेजारच्या महाशिरेत डाय दाटला आहे का बघा. त्याचे पट्टे धमनीवर पसरतात. डायमागोमाग सलाइन दिलं की ते कमी होतात.

आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठीही भरपूर. आडव्या स्लाइसमध्ये त्या धमनीच्या आत असल्यासारख्या वाटतात. कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) स्लाइसमध्ये बाहेर असल्याचं दिसतं. कफाने भरलेली श्वासनलिकाही अशीच फसवते. प्रत्येक नळीचा माग काढा: शीर असेल तर ती हृदयाच्या डाव्या कर्णिकेत जाऊन मिळते.

दुर्मीळ, पण चुकलं तर महागात पडणारं म्हणजे धमनीचा सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग). तो धमनी फुगवून पूर्ण भरतो, भिंतीबाहेर पसरू शकतो आणि डाय घेतो. गुठळी डाय घेत नाही. औषध नीट चालू असूनही ‘गुठळी’ वाढतच असेल, तर जुना रिपोर्ट कॉपी-पेस्ट करू नका, जुने फोटो उघडा. तरुण बाईत धमनीची भिंत जाड दिसली तर ताकायासू आजार (मोठ्या धमन्यांच्या भिंतीची सूज) आठवावा आणि महाधमनीही बघावी.

एकाच बारीक फांदीत, एकाच स्लाइसवर ठिपका असेल, तर वरिष्ठांना दाखवा आणि पायांचा डॉप्लर (शिरांतली गुठळी शोधणारी सोनोग्राफी) सुचवा.