ड्रॅग कारसाठी डेटा लॉगर घेताय? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात निपाणीचा एक पोरगा बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडवर जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊन आला. टर्बो बसवलेला, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), आणि त्यावर नवाकोरा ३२ चॅनेलचा डेटा लॉगर, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणारा डबा, एका आकड्याला एक चॅनेल. घरी काय सांगून एवढे पैसे काढले होते कोण जाणे. तक्रार एकच, तिसऱ्या गिअरला वरच्या आरपीएमवर गाडी ओढत नाही. लॅपटॉप जोडला, इंजिन बंद ठेवून नुसती इग्निशन ऑन केली आणि आकडे बघत बसलो.

"मामा, मॅप सेन्सर गेलाय बघा. इंजिन बंद असताना १०१ दाखवायला पाहिजे, हा ९३ दाखवायलाय."

सेन्सर ठणठणीत होता. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो, आणि इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतकाच असतो. १०१ केपीए (किलोपास्कल) हा समुद्रकाठचा आकडा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथे हवेचा दाब ९२-९३ केपीएच असतो. पोरानं इंटरनेटवर वाचून नवा सेन्सर मागवलाही होता. आणि ज्या चॅनेलवर त्याचा डोळे झाकून विश्वास, ते फ्युएल प्रेशर मात्र धडधडीत खोटं बोलत होतं. त्याकडे येतोच, पण आधी खरेदीतल्या चुका.

चॅनेल मोजून लॉगर घेणं

दुकानदार पहिल्यांदा चॅनेलचा आकडा सांगतो, आणि आपणही तोच विचारतो. खरं तर विचारायचं ते हे की एका चॅनेलवर सेकंदाला किती नोंदी होतात, आणि प्रत्येक चॅनेलला तो वेग वेगळा ठरवता येतो का.

ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीत, सगळा खेळ ४०२ मीटरचा, बारा-तेरा सेकंदांत संपणारा. त्यातही पहिल्या १८ मीटरमध्ये, म्हणजे ज्याला आपण साठ फूट म्हणतो तिथे, निम्मी लढाई होऊन जाते. सुटताना पुढची चाकं थडथडली तर ती थडथड सेकंदाला दहा-बारा वेळा होते. सेकंदाला दहाच नोंदी घेणाऱ्या लॉगरला ती दिसणारच नाही. दिसली तरी भलत्याच आकाराची सावकाश लाट म्हणून दिसेल आणि तुम्ही क्लचला दोष देत बसाल. चाकांचा वेग, आरपीएम, बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब), थ्रॉटल यांना सेकंदाला १०० नोंदी हव्यातच. गिअर बदलायला पाव सेकंद लागतो. सेकंदाला पाच नोंदी असतील तर अख्खा गिअरबदल एका ठिपक्यात संपतो, आणि एका ठिपक्यावरून काय कळणार, कपाळ?

उलट कूलंटचं तापमान सेकंदाला एकदा नोंदवलं तरी पुष्कळ. तो सेन्सर स्वतःच सावकाश तापतो, त्याला शंभर वेळा विचारून तो शंभर वेळा तेच सांगणार.

मेमरी जास्त म्हणून जादा पैसे मोजू नका. हिशेब करून बघा. २० चॅनेल, सेकंदाला १०० नोंदी, प्रत्येक नोंद दोन बाइट, १५ सेकंदांची रन. झाले ६० हजार बाइट. मोबाईलमधला एक फोटो याच्या कित्येक पट मोठा असतो.

ओबीडीचा डोंगल आणि मोबाईल

गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला हजार-पाचशेचा ब्लूटूथ डोंगल लावून लॉगिंग करणारे आमच्याकडे खूप येतात. रोजच्या गाडीचा फॉल्ट कोड वाचायला तो चांगलाच आहे, माझ्याही खिशात असतो. पण ओबीडीवर प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, उत्तर आलं की पुढची विचारायची. जितकी चॅनेल वाढवाल तितकी प्रत्येकाची पाळी उशिरा येते. दहा गोष्टी मागितल्यात तर एकेकीचा आकडा सेकंदाला एखाददुसऱ्यांदा मिळाला तरी नशीब.

मोबाईलच्या जीपीएसचंही तेच. शेवटाला गाडी १७० च्या वेगात असेल तर सेकंदाला ४७ मीटर जाते. सेकंदाला एकदा ठिकाण सांगणारा मोबाईल एवढ्या अंतरात एकदाच तोंड उघडतो. दहा हर्ट्झचा वेगळा जीपीएस घेतलात तर दर पावणेपाच मीटरला एक ठिपका मिळतो. रनची वेळ बघायला तो पुरतो, लाँच (सुटणं) समजून घ्यायला नाही.

आहे तेच पुन्हा विकत घेणं

स्टँडअलोन ईसीयू असेल तर त्याच्याच पोटात लॉगर आहे का ते आधी बघा. बहुतेक नव्यांमध्ये असतो. काही कंपन्यांत जादा पैसे भरून तो उघडावा लागतो, तरी वेगळ्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. निपाणीच्या पोराच्या ईसीयूत तो होता. त्यानं आरपीएम, थ्रॉटल आणि मॅपच्या वायरी कापून दुसऱ्या लॉगरला पुन्हा जोडल्या होत्या. कॅनच्या, म्हणजे ईसीयू आणि लॉगर एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींत ते सगळं आलं असतं. कॅन जोडून आकडे येत नसतील तर बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर धरा. ६० ओहम दाखवले तर ठीक. १२० दाखवले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही, ४० दाखवले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

अर्थिंग, म्हणजे निम्मी दुखणी

आता त्या फ्युएल प्रेशरकडे. सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टचा, ० ते १० बारचा. म्हणजे एक व्होल्टला अडीच बार. गाडी थंड असताना लाइन मोकळी केली, पंप बंद. (पेट्रोल आहे, खाली फडकं आणि बाजूला फायर एक्स्टिंग्विशर ठेवूनच.) स्क्रीनवर शून्य. मग रेडिएटरचा फॅन चालू केला, तर आकडा उडी मारून ०.६ बार! फॅन बंद, पुन्हा शून्य. पेट्रोलचा थेंब नसलेल्या लाइनमध्ये फॅन दाब कसा तयार करेल?

सेन्सरची निगेटिव्ह वायर बॉडीला, फॅनच्या अर्थच्याच बोल्टखाली दाबलेली होती. फॅनचा करंट तिथून जाताना पाव व्होल्टभर फरक पडायचा, आणि पाव व्होल्ट म्हणजे सहा दशांश बार. तीन-चार वर्षं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसानं केलेलं काम होतं ते. त्याला वाटलं, अर्थ तो अर्थच की. तसं नाही. सेन्सरचा निगेटिव्ह लॉगरच्या किंवा ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जायला हवा, बॉडीला अजिबात नाही.

आता यानं काय घोळ घातला बघा. या गाडीचं मूळ फ्युएल प्रेशर ३ बार, बूस्ट ०.८. रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या भागाला) मॅनिफोल्डची नळी जोडलेली, म्हणजे पूर्ण बूस्टला ३.८ दिसायला हवेत. आणि लॉगमध्ये ३.८ दिसत होतेच! म्हणून पोरानं पेट्रोलवर संशयच घेतला नाही, टर्बोच्या मागे लागला. खरं तर आयडललाच त्याला चाहूल लागायला हवी होती. तिथे व्हॅक्युममुळे अडीचच्या आसपास दाब हवा, लॉगमध्ये तीनच्या वर होता. वायर जागेवर नेली आणि पुढच्या रनला खरा आकडा आला, ३.२. लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, वाढला की पेट्रोल कमी पडतंय) तिसऱ्या गिअरच्या शेवटी ०.८० वरून ०.९२ ला जात होता, ते कोडं तिथंच सुटलं.

पंप बदलायची घाई मात्र करू नका. लॉगरचं स्वतःचं व्होल्टेज चॅनेल १३.४ दाखवत होतं, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवला असता. पण तो व्होल्टेज लॉगरचा, पंपाचा नव्हे. एक रिकामं चॅनेल घेऊन पंपाच्या टर्मिनलवर वायर लावली, तर बूस्टमध्ये १०.९! पंप मोठा बसवला होता, वायर आणि रिले मात्र कंपनीचेच बारीक. जाड वायर आणि नवा रिले, दोन हजारांच्या आत काम झालं.

एक सांगून ठेवतो, ५ व्होल्टच्या इनपुटला १२ व्होल्टची वायर थेट लावू नका, चॅनेल जळेल. ३० हजार आणि १० हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून चौथा हिस्सा करून द्या.

आटे बघा

उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही, सेन्सरचा अडॅप्टर तासाभरात करून मिळतो. पण आपल्याकडच्या हायड्रॉलिक फिटिंगच्या सवयीनं लेथवाला बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे) आटे मारतो. अमेरिकन सेन्सर एनपीटीचा. १/८ च्या मापात एकाला इंचाला २८ आटे, दुसऱ्याला २७. दोन आटे सुरेख बसतो, मग आवळतो, मग टेफ्लॉन टेप गुंडाळून कसाबसा घट्ट होतो आणि गरम तेलात गळायला लागतो. सेन्सर हातात देऊनच आटे मारून घ्या. आणि ऑइल प्रेशरचा जड सेन्सर ब्लॉकला पितळी टीवर लोंबकळत ठेवू नका, थरथरीनं टी मोडते. छोट्या होजनं बॉडीवर घ्या.

लॅम्डा

टर्बो असेल तर लॅम्डा सेन्सर टर्बोच्या पुढे पाइपमध्ये बसवा, मॅनिफोल्डमध्ये नाही, तिथल्या दाबानं आकडा बिघडतो. आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर कललेला असावा, नाहीतर सायलेन्सरमधलं पाणी त्यात साचतं. त्याच्या अलीकडे एक्झॉस्ट कुठे फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॉग खोटा लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. गिअरबदलाला फ्युएल कट होतो तेव्हाचा लीनचा टोकदार सुळका बघूनही घाबरू नका.

आणि एअर-फ्युएलचा आकडा सोडून लॅम्डातच वाचायची सवय लावा. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. पंपावरच्या ई-२० ला तो १३.५ च्या आसपास येतो, पण गेजला ते माहीत नसतं. लॅम्डा १ हा दोन्हीकडे १ च.

बाकी किरकोळ. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर लांबवताना तांब्याची जोडू नका, के टाइपचीच हवी. जोडाला डाक लावण्यापेक्षा चांगल्या क्रिम्पिंग टूलनं पिन दाबा, डाकेच्या कडेला वायर थरथरून तुटते. पावसाळाभर गाडी उभी असेल तर सीझनच्या आधी प्रत्येक कनेक्टर उघडून बघा, आपल्याकडच्या ओलीनं पिना हिरव्या होतात. लॉगर स्टार्टरच्या वेळी रीसेट होतो का तेही तपासा, कारण बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली येते. रेकॉर्डिंग आरपीएमवरून आपोआप सुरू होईल असं लावा. लाइटकडे बघणारा माणूस बटण विसरतोच. फक्त स्पर्धेच्या नियमांत ते चालतं का, हे स्क्रूटिनीच्या (स्पर्धेआधीच्या गाडीतपासणीच्या) आधी विचारून घ्या.

हवेचा दाब मात्र प्रत्येक लॉगमध्ये राहू द्या. बेळगावात ट्यून केलेली गाडी चेन्नईला नेली की तिला आठ-नऊ टक्के जास्त हवा मिळते. थ्रॉटलवरून पेट्रोल देणाऱ्या ट्यूनला हे कळत नाही आणि गाडी लीन चालते. मग लोक म्हणतात, तिकडची हवा लागत नाही. हवाच जास्त लागते, बाबा!

आणि हे सगळं तपासायला हायवेवर जायची गरज नाही. शून्य, अर्थिंग, व्होल्टेज शेडमध्येच कळतं. रन मारायची ती बंद धावपट्टीवर.

पोराची पुढची रन आली तेव्हा लॅम्डा शेवटपर्यंत ०.८० होता, प्रेशर ३.८, यावेळी खरेखुरे. तिसरा गिअर मोकळा ओढला. पण साठ फुटाची वेळ आधीपेक्षा वाईट! चाकांचे आकडे उघडले तर सुटताना पुढची ३० वर, मागची २२ वर, म्हणजे छत्तीस टक्के नुसती घसरण. आता तो रोज रात्री मला टायरच्या हवेचे आकडे पाठवतो.