पाळीव उंदीर रात्रभर पिंजरा कुरतडतोय? या चुका टाळा

रात्री दोन वाजता दाराजवळचा तोच एक गज, खर्रखर्र खर्रखर्र, आणि सकाळी बघावं तर गजावरचा पांढरा रंग उडालेला, माझ्या उंदरीच्या, सुरंगीच्या नाकावरचे केस पण घासून गेलेले. आमच्या मालवणच्या घरात पहिले दोन महिने हेच चाललेलं. जो तो सांगायचा, दात वाढतात गो तिचे, लाकूड दे. दिलं, तिने ढुंकून पण बघितलं नाही.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला 10 सेंमीच्या वर, हे खरंय. पण ते तो एकमेकांवर घासून झिजवतो, खुशीत असला की बारीक कटकट ऐकू येते ना, ती तीच. गज चावतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कंटाळा आलेला असतो, नाहीतर बाहेर यायचं असतं.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. आवाज सुरू झाला की आईची झोपमोड नको म्हणून मी उठून एक शेंगदाणा द्यायची. उंदीर फार हुशार, गज चावला की शेंगदाणा येतो हे तिला दोनतीन रात्रीत कळलं. मग मी उलटं केलं, दिवेलागणीला, आवाज सुरू व्हायच्या आधीच तिला तासभर बाहेर काढायचं आणि चावत असताना पिंजऱ्याकडे अजिबात जायचं नाही, गप्प बसली की मगच जायचं. सुरुवातीला आवाज वाढतो, तेव्हा प्लीज हार मानू नका. गजाला मिरची किंवा बाम फासू नका, त्यांची श्वासनळी खूप नाजूक असते.

एकटा उंदीर ठेवणं ही दुसरी चूक, तुम्ही कितीही वेळ दिलात तरी त्याला जोडीदार लागतोच. बकुळी आली तेव्हा तिला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, मग दोघींना पलंगावर भेटवलं, थेट पिंजऱ्यात नाही टाकलं. दोघी माद्या किंवा दोघे नर घ्या, नाहीतर तीन आठवड्यात पिल्लं.

खेळण्यांवर पैसे घालवायची गरज नाही, आपल्याकडे नारळ आहे. करवंटीला भोक पाडून, कडा घासून सुंभाने टांगा. सोडणाचा (नारळाच्या बाहेरच्या काथ्याच्या सालीचा) तुकडा द्या, तो पिंजायला त्यांना भारी आवडतं. जुन्या लुगड्याचा झोपाळा करा (टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात). खोक्यात कोकोपीट (काथ्याचा भुसा) भरून त्यात कुरमुरे, भोपळ्याच्या बिया लपवा, बकुळी अर्धा तास नुसती उकरत बसते, कान मातीने भरलेले. वाटीत आयतं खाणं ठेवू नका, शोधू दे. चाक घेतलंत तर 30 सेंमीच्या आसपासचं, गजांचं नको, सलग पाट्याचं. काजूबीचं टरफल मात्र चुकूनही नको, त्याच्या तेलाने आपली बोटं भाजतात तर त्यांचं तोंड केवढंसं.

पिंजरा पडवीत ठेवू नका, मांजर, धामण, आणि पावसात बाहेरचे उंदीर येतात, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आपल्याकडे आहेच. एप्रिल-मे मध्ये ओली लादी आत ठेवा, 30 डिग्रीच्या वर त्यांना सोसत नाही. पावसाळ्यात गज गंजलाय का तेही बघत जा, चावतात ते तोच.

एवढं करूनही खाणं टाकलं, लाळ गळायला लागली किंवा वरचे दात आत वळलेले दिसले तर मात्र तो कंटाळा नाही, घरी दात कापत बसू नका, त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.