शेतखान्याची डागडुजी

आजोबांच्या 1934 सालच्या हिशेबवहीत एक ओळ आहे: 'शेतखान्याची डागडुजी, रु. 3'. मी बिनधास्त समजून चाललो की शेतातलं काहीतरी खोपट असणार. पण आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, आणि शेत कुणाच्या आठवणीत नाही. आत्याला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. शेतखाना म्हणजे संडास! मूळ फारसी सेहतखाना. सेहत म्हणजे आरोग्य. बोलता बोलता तिचं शेत झालं.

तेव्हापासून जुने शब्द शोधण्याचा नाद लागला. हल्ली लोक विचारतात, काका, असले शब्द मिळतात कुठे? तर ऐका.

त्यासाठी कवितासंग्रह उघडू नका. कवी अनवट शब्द मुद्दाम मांडून ठेवतो, त्यात शोधण्याची मजा नाही. खरा माल रुक्ष कागदांत असतो: हिशेब, वाटणीपत्रं, रुखवताच्या याद्या, देवळाच्या खर्चाच्या वह्या. यादीत शब्दाला शेजारी असतात. 'घंगाळ, तपेली, ओगराळें, गडवा' अशी रांग दिसली की ओगराळं म्हणजे लुगडं नव्हे, एवढं तरी कळतं. (उभ्या दांड्याची वाटी. ताक, तूप, आमटी काढायला.)

शब्द अडला की लगेच मोबाइल काढू नका. ओळ दोनदा वाचा, अंदाज बांधा आणि तो कागदावर लिहूनच ठेवा, म्हणजे मागाहून 'मला माहीत होतं' म्हणता येत नाही. चुकलेल्या अंदाजाचा शब्द जन्मात विसरत नाही.

मग कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची. इंटरनेटवर फुकट आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 मध्ये सात खंडांत निघाला, पुरवणी 1950 ला. नवखा माणूस इथे दोन ठिकाणी अडखळतो. 'तिठ्यावरच्या' असं शोधलंत तर हाती काही लागणार नाही. 'वरच्या' काढा, उरलेल्या 'तिठ्या'चा 'तिठा' करा, मग सापडेल: तीन रस्ते मिळतात ती जागा. दुसरी अडचण अनुस्वारांची. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या कोशात ते जागच्या जागी आहेत. 'ओगराळं' नाही मिळालं तर 'ओगराळें' बघा. ऱ्हस्व-दीर्घही उलटंपालटं करून पाहा.

सापडल्यावर व्युत्पत्ती वाचायची राहू देऊ नका. राजवाड्यातल्या स्वयंपाकघराला मुदपाक म्हणत. हा मूळचा अरबी मतबख. मराठी कानाला त्यात आपला 'पाक' ऐकू आला आणि शब्द बसला. तसंच 'इस्तकबिल चैत्र तागायत फाल्गुन', म्हणजे चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. इस्तकबिल गेला, तागायत मात्र 'आजतागायत'मध्ये अजून नोकरीवर आहे.

कचेरीच्या शब्दांसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1931 साली काढलेला 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' बघा. एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली पर्याय. मी तो उघडला की जेवणाची वेळ टळते. आमच्या बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतही एकदा जाऊन या. तिथे पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून.

बडोदेकरांना एक इशारा. लहानपणापासून कानावर पडलेला प्रत्येक शब्द जुना मराठी नसतो. मी 'बारी' म्हणजे खिडकी असं ऐटीत टिपून ठेवलं होतं. कोशात बारी म्हणजे पाळी, नाहीतर खिंड. खिडकीवाली बारी शेजारच्या गुजराती घरातून आमच्याकडे आली होती.

टिपायचं कुठे? मी बँकेत कॅशियर होतो, त्यामुळे जमाखर्चाशिवाय जमत नाही. दिवाळीत व्यापारी लाल चोपडे पूजेला घेतात, तेव्हा मीही एक घेतो. डावीकडे जमा: शब्द, त्याची अख्खी ओळ (नुसता अर्थ लिहिलात तर महिन्याने तुम्हालाच काही बोध होणार नाही), कुठे सापडला, पान कितवं. उजवीकडे नावे: तो शब्द मी कुणापाशी, कधी वापरला. जमा भराभर वाढते, नावे रिकामं राहतं, म्हणून दर रविवारी एक तरी शब्द खर्ची टाकतो.

गेल्या रविवारी जेवताना सुनेला म्हटलं, जरा ओगराळं दे. नोंद केली आहे: 'ओगराळें, सूनबाई, दुपारी. डाव मिळाला.'