पनामाच्या क्रूझवर एंबेरा या आदिवासी जमातीच्या गावाची सहल निवडताना

जळगाव-धुळ्याहून निघण्याच्या किमान 10 दिवस आधी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्या. प्रमाणपत्राविना परतलात तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं.

गटात किती माणसं आणि गावात प्रत्यक्ष किती तास, हे बुकिंगआधीच विचारा. चाग्रेस नदीकाठच्या गावांना लाकडी होडीनं जातात. तिथल्या कोरड्या हंगामात (साधारण जानेवारी ते एप्रिल) पाणी उतरलं की होडी अडते, उतरून ढकलावी लागते आणि उशीर होतो. बाहेरून ठरवलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही; दोन तास हाताशी ठेवा.

जेवणात मासा आणि तळलेली कच्ची केळी (रावेरकरांना घरचंच!). शाकाहारी असाल तर आधी कळवा. गावात अंगावर नक्षी काढतात, त्या जागुआ फळाचा काळा रंग आठवडाभर तरी जात नाही. लग्नसराई असेल तर हातावर नको. विणलेल्या टोपल्यांसाठी सुटे डॉलर न्या.